आप्पा पाणी मागत होते आणि आम्ही दिलं नाही

"डॉक्टर, तासगाव तालुक्यात आमची दीड एकर द्राक्षबाग आहे. ऑक्टोबर छाटणीनंतर आप्पा मिलीबग किडीसाठी खोडं धूत होते. औषध क्लोरपायरिफॉस. पाठीवरचा पंप गळत होता, सदरा भिजला होता, तरी दुपारपर्यंत काम केलं आणि तसेच जेवायला बसले. संध्याकाळी घाम, उलट्या, तोंडातून लाळ, धाप. आईनं साबणानं अंग धुतलं, कपडे बदलले. प्राथमिक आरोग्य केंद्रात इंजेक्शनं देऊन १०८ नं मिरजेला पाठवलं. तिथं दादाला सारखं मेडिकलला पळवत होते, ट्रे भरून अ‍ॅम्प्यूल फोडल्या. रात्री आप्पा बरळायला लागले. हवेतलं काहीतरी वेचत होते, आईला ओळखेनात. त्यांचे हात बांधले. पाणी पाणी करत होते, सिस्टरनी देऊ दिलं नाही. दुसऱ्या दिवशी शुद्धीवर आले, बोलले. तिसऱ्या दिवशी श्वास कमी पडतोय म्हणून व्हेंटिलेटर. दादा बाहेर गेला होता, सही मी केली. मग बीपी पडलं, गळ्यातून लाइन टाकून बीपी वाढवायचं नॉरअ‍ॅड लावलं. चुलते म्हणाले, ते लावलं की माणूस परत येत नाही. आप्पा परत आले, आता घरी आहेत. पण चुलते अजून म्हणतात की डोस जास्त झाला म्हणूनच एवढं वाढलं, आणि लेकीनं घाईनं सही केली. दादा माझ्याशी धड बोलत नाही. मला एवढंच सांगा, आम्ही आप्पांचे हाल केले का?
— एक लेक"

ताई,

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. नाही. तुम्ही आप्पांचे हाल केले नाहीत, आणि सही योग्य वेळी केलीत. पण चुलत्यांनी डोळ्यांनी जे पाहिलं तेही खरंच आहे आणि ते पाहून कुणाच्याही पोटात कालवलं असतं. म्हणून "डॉक्टरांवर विश्वास ठेवा" एवढ्यावर तुमची बोळवण करणार नाही. मी भूलतज्ज्ञ आहे, माझी नोकरी आयसीयूतच गेली. त्या खोलीत कुठलं औषध कशासाठी चाललं होतं ते सांगते. दादाला आणि चुलत्यांना हेच वाचून दाखवा.

आधी विषाचं. मेंदूचा हुकूम नसेतून ग्रंथींना, हृदयाला, स्नायूंना पोचतो तो बऱ्याच ठिकाणी अ‍ॅसिटिलकोलिन नावाच्या रसायनामार्फत. काम झालं की ते रसायन तिथल्या तिथे मोडून टाकणारं एक एन्झाइम आपल्या अंगात असतं, कोलिनएस्टरेज. क्लोरपायरिफॉससारखी ऑर्गेनोफॉस्फरस औषधं नेमकं हेच एन्झाइम बांधून टाकतात. विहिरीवरची मोटर चालू आहे, पाटानं पाणी वाफ्यांत चाललंय, आणि मोटर बंद करायला ठेवलेल्या गड्याचे हातपाय कुणीतरी बांधून ठेवलेत असं समजा. वाफे भरतात, फुटतात, तरी पाणी येतच राहतं. आप्पांची लाळ, घाम, उलट्या, टाचणीच्या टोकाएवढी झालेली डोळ्याची बाहुली, मंदावलेली नाडी, सगळं त्यातूनच. यातला जीव घेणारा वाफा म्हणजे फुफ्फुस. श्वासनळ्या आकसतात, आत पाणी साचतं, आणि माणूस कोरड्या जमिनीवर बुडतो.

अंगावरून एवढं विष आत जातं का, असं गावात बरेच जण विचारतात. जातं. भिजलेला सदरा पाठीला तासन्‌तास चिकटून राहिला, घामानं कातडी ओली असली, की भरपूर जातं. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते काही कुणी बाटली तोंडाला लावली नव्हती. तुमच्या आईनं कपडे काढून साबणानं अंग धुतलं, हा उपचाराचा पहिला भाग होता आणि तो घरातच झाला. आरोग्य केंद्रानं रिकाम्या हातानं पुढं न पाठवता आधी इंजेक्शनं दिली, हा दुसरा. मिरजेपर्यंतच्या रस्त्यात आप्पा तगले ते या दोन गोष्टींमुळे.

आता अ‍ॅट्रोपिन, म्हणजे ट्रे भरून फोडलेल्या अ‍ॅम्प्यूलमधलं औषध. सगळा वाद त्याच्यावरच आहे, म्हणून जरा सविस्तर.

अ‍ॅट्रोपिन मोटर बंद करत नाही, गड्यालाही सोडवत नाही. ते काही वाफ्यांची तोंडं बुजवतं: ग्रंथी, श्वासनळ्या, हृदय, आतडी. पाणी पाटात असतंच, पण आत शिरत नाही. पाणी जितकं जास्त तितकी माती जास्त लागणार. त्यामुळे या विषबाधेत अ‍ॅट्रोपिनचा ठरलेला असा डोसच नसतो. एका अ‍ॅम्प्यूलमध्ये ०.६ मिलिग्रॅम असतं. एरवी नाडी मंद झाली तर आम्ही एखाद-दुसरी अ‍ॅम्प्यूल देतो. इथं सुरुवातच तीन ते पाचनं होते. पाच मिनिटांनी छाती ऐकायची, फरक नसेल तर आधीच्या दुप्पट. आणखी पाच मिनिटांनी पुन्हा दुप्पट. तीन, सहा, बारा, चोवीस, अठ्ठेचाळीस. वीस मिनिटांत नव्वदच्या वर अ‍ॅम्प्यूल झाल्या. दादा मेडिकलला पळत होता तो याच्यामुळे. दुकानाचं बिल वाढवायचा हा प्रकार असेल असा संशय येतो, पण अ‍ॅट्रोपिन ही आयसीयूतल्या सगळ्यांत स्वस्त औषधांपैकी एक आहे.

त्या वेळी खाटेशी काय चालतं तेही सांगते, कारण काचेबाहेरून फक्त धावपळ दिसते. एक सिस्टर अ‍ॅम्प्यूलची मान मोडत असते, दुसरी सिरिंजमध्ये ओढत असते. डॉक्टर पाठीला स्टेथोस्कोप लावून खालपर्यंत ऐकतो, आतली बुडबुड थांबली का. मग हात काखेत घालतो, काख कोरडी झाली का. नाडी ८० च्या वर गेली का, वरचं बीपी ८० च्या वर आलं का, बाहुली मोठी होतेय का. हे सगळं दर पाच मिनिटांनी कागदावर चढतं. छाती स्वच्छ वाजली की दुप्पट करणं थांबतं आणि मग थेंबाथेंबानं ड्रिप चालू राहते. नवशिके डॉक्टर पुष्कळदा नाडी वाढलेली बघून घाबरतात आणि छाती ओली असतानाच हात आखडता घेतात. या विषबाधेत माणसं दगावतात ती तिथं.

मग ते बरळणं? ताई, आपल्याकडे उकिरड्याच्या कडेला धोतरा उगवतो. चुलत्यांनी लहानपणी धोतऱ्याच्या बिया खाल्लेल्या पोराच्या गोष्टी नक्की ऐकल्या असतील. अंग तापतं, तोंडाला कोरड पडते, बाहुल्या मोठ्या होतात, पोरगं हवेतलं काहीतरी वेचायला लागतं, आईला ओळखत नाही. धोतऱ्यात असतं ते अ‍ॅट्रोपिन आणि त्याची सख्खी भावंडं. आप्पांचं त्या रात्री तेच झालं. छाती कोरडी करायला जेवढं लागलं, त्यापेक्षा थोडं जास्त रक्तात गेलं आणि ते मेंदूवर दिसलं. म्हणजे चुलत्यांचं म्हणणं तेवढ्यापुरतं बरोबर आहे, डोस थोडा पुढं गेला होता. पण तो पुढं गेला की काय करायचं हे ठरलेलं असतं. ड्रिप अर्धा-एक तास थांबवायची, ताप आणि बडबड उतरली की कमी वेगानं पुन्हा सुरू करायची. दुसऱ्या दिवशी आप्पा बोलायला लागले, यावरूनच ते वेळेवर केलेलं दिसतं. जास्त झालेलं अ‍ॅट्रोपिन काही तासांत उतरतं. कमी पडलेलं अ‍ॅट्रोपिन दुरुस्त करायला तेवढा वेळ मिळत नाही. मी त्या खाटेशी असते तर माझाही हात थोडा पुढंच गेला असता, आणि तो मी जाणूनबुजून जाऊ दिला असता.

हात बांधले ते नळ्या उपटू नयेत म्हणून. बरळणारा माणूस पहिल्यांदा सलाईन ओढतो. सोबत मिडॅझोलॅमसारखं गुंगीचं औषध दिलं असेल. मेंदूत नसांना आवर घालणारी जी व्यवस्था मुळातच असते तिचा जोर ते वाढवतं. झटके येऊ नयेत म्हणूनही तेच देतात. आणि त्याचा एक गुण असा की त्या वेळचं माणसाच्या आठवणीत फारसं राहत नाही. आप्पांना विचारून बघा. आईला ओळखत नव्हते ती रात्र तुमच्या लक्षात जन्मभर राहील, त्यांना बहुतेक काहीच आठवत नसेल.

आणि पाणी. तुमच्या पत्रात तीच ओळ मला सगळ्यांत जड वाटली. लाळेचा पूर थांबवायचा म्हणून औषध दिलं होतं, ते लागू पडलं म्हणून तोंड कोरडं पडलं. अंगात पाणी कमी नव्हतं, ते शिरेतून जातच होतं. पण शुद्ध हरपलेल्या आणि गिळायची ताकद कमी झालेल्या माणसाला घोटभर पाणी दिलं तर ते सरळ फुफ्फुसात उतरतं. जी छाती शंभर अ‍ॅम्प्यूल फोडून कोरडी केली तीच पुन्हा भरली असती. सिस्टरनी केलं ते बरोबर. ओला गॉज ओठांवर फिरवता येतो, तो तुमच्या आईच्या हातात दिला असता तर त्या माउलीला रात्रभर काहीतरी करता आलं असतं. हे आमच्या लोकांनी शिकायला हवं.

दादानं आणखी एक महागडं औषध आणलं असेल, प्रॅलिडॉक्झिम, आयसीयूत सगळे पॅम म्हणतात. बांधलेल्या गड्याचे दोर सोडायचं काम त्याचं. पण गाठ जुनी झाली की ती सुटत नाही. मोनोक्रोटोफॉससारख्या कीटकनाशकांत ती काही तासांतच पक्की बसते, क्लोरपायरिफॉसच्या जातीत दीड-दोन दिवस लागतात. पॅमवर डॉक्टरांतही एकमत नाही. आपल्या शेजारच्या बारामतीतल्या डॉक्टरांनी २०० रुग्णांवर केलेला अभ्यास २००६ साली लॅन्सेटमध्ये छापून आला, त्यात पॅमची सतत ड्रिप चांगली ठरली होती. २००९ साली श्रीलंकेतल्या अभ्यासात फायदा दिसला नाही. म्हणून कुणी देतं, कुणी देत नाही, आणि दोघांपैकी कुणावर त्यासाठी ठपका ठेवता येत नाही.

आता तिसरा दिवस. चुलत्यांचा मुख्य आरोप इथला आहे आणि इथं ते साफ चुकतात.

अ‍ॅट्रोपिन ज्या वाफ्यांची तोंडं बुजवू शकत नाही ते वाफे म्हणजे हातापायांचे, मानेचे, छातीचे स्नायू. तिथं पाणी साचतच राहिलेलं असतं. सुरुवातीला स्नायू नुसते फडफडतात, मग थकून ढिले पडतात. विषबाधेनंतर २४ ते ९६ तासांच्या आत, माणूस शुद्धीवर आलेला असताना, बोलत असताना, मान आणि श्वासाचे स्नायू साथ सोडतात. १९८७ साली श्रीलंकेतल्या डॉक्टरांनी याचं पहिल्यांदा नीट वर्णन केलं, तेव्हापासून जगभर ते माहीत आहे. म्हणून आम्ही बऱ्या दिसणाऱ्या रुग्णालाही राउंडला रोज सांगतो, उशीवरून डोकं उचला बघू. ज्याला कालपर्यंत उचलता येत होतं आणि आज येत नाही, त्याच्याजवळून आम्ही हलत नाही. हे विषामुळे होतं. अ‍ॅट्रोपिन कमी दिलं असतं तरी झालं असतं, फक्त आप्पा तिसऱ्या दिवसापर्यंत पोचले नसते. यावर इंजेक्शन नाही. स्नायू परत कामावर येईपर्यंत श्वास यंत्रानं द्यायचा, एवढाच उपाय. तुम्ही सही केलीत ती या उपायाला. दादाची वाट बघायची म्हटलं असतं तर अर्धा तास गेला असता, आणि श्वास थांबल्यावर मेंदूला पाच मिनिटंसुद्धा भारी पडतात.

जाता जाता एक. व्हेंटिलेटरची नळी घालताना स्नायू सैल करायला एरवी आम्ही सक्सिनिलकोलिन वापरतो, पाच-दहा मिनिटांत उतरणारं. ते मोडतं त्याच कुळातल्या एन्झाइमनं, जे आप्पांच्या रक्तात विषानं बांधलं होतं. त्यामुळे या रुग्णात ते तासन्‌तास उतरत नाही, आणि सहसा दुसरं औषध घेतात. फवारणीच्या औषधाची बाटली तुम्ही सोबत नेली असेल तर तिचा उपयोग असा शेवटपर्यंत होतो. विषाचं नाव माहीत असलं की कुठलं औषध टाळायचं हेही कळतं.

नॉरअ‍ॅडची भीती मी इतक्या नातेवाइकांच्या तोंडून ऐकली आहे की त्याबद्दल थोडं बोलतेच. व्हेंटिलेटर लावल्यावर बीपी पडायला कारणं असतात: गुंगीचं औषध, छातीत यंत्रानं वाढलेला दाब, विषाचा स्वतःचा परिणाम, कधी जंतुसंसर्ग. नॉरअ‍ॅड म्हणजे नॉरअ‍ॅड्रेनालिन, आपल्याच शरीरात तयार होणारं द्रव्य. ते रक्तवाहिन्या आवळतं, त्यामुळे दाब वाढतो आणि मेंदू-मूत्रपिंडापर्यंत रक्त पोचतं. रक्तात त्याचा जोर दोन-तीन मिनिटांत निम्मा होतो, म्हणून ते इंजेक्शनानं टोचून चालत नाही, पंपानं अखंड द्यावं लागतं. सिरिंज संपत आली की पंप ओरडतो आणि सिस्टर हातातलं टाकून धावते, ते एवढ्यासाठीच. हाताच्या शिरेतून बाहेर झिरपलं तर तिथलं कातडं काळं पडतं, म्हणून गळ्यातली मोठी शीर. पंपावरचा आकडा वाढला म्हणजे जास्त आधार लागतोय, उतरला म्हणजे शरीर स्वतः सावरतंय. उद्या कुणावर अशी वेळ आली तर आकडा काल किती होता आणि आज किती आहे, एवढं रोज विचारा.

ते लावलं की माणूस परत येत नाही असं गावात का म्हणतात? कारण ते सगळ्यांत जास्त आजारी माणसालाच लागतं. त्यातले जे जातात त्यांच्याबद्दल दहाव्याला बोललं जातं. जे चालत घरी येतात त्यांच्या अंगात ते होतं हे कुणाच्या लक्षातही राहत नाही. तुमच्याच अंगणात एक असा माणूस बसलाय.

ताई, आयसीयूतली बरीच औषधं रोग बरा करत नाहीत. अ‍ॅट्रोपिन विष नष्ट करत नाही, नॉरअ‍ॅड बीपी पडायचं कारण दूर करत नाही, हृदय बंद पडल्यावर दर तीन ते पाच मिनिटांनी देतात ते अ‍ॅड्रेनालिनही झटका बरा करत नाही. ती वेळ मिळवून देतात. यकृताला विष मोडायला, शरीराला नवं एन्झाइम तयार करायला, अँटिबायोटिकला लागू पडायला. त्यामुळे डॉक्टरांना विचारायचा प्रश्न "हे औषध घातक आहे का" हा नाही. यातली सगळीच घातक आहेत. विचारायचं ते असं: "हे औषध कशासाठी वेळ मिळवतंय, आणि तोवर काय व्हायला हवं?" याचं उत्तर डॉक्टरांनी सरळ मराठीत द्यायला हवं. तुमच्या वेळी कुणी दोन मिनिटं बाहेर येऊन हे सांगितलं असतं तर आज तुमच्या घरात हा अबोला नसता, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

चुलत्यांचा संशय तरीही फिटला नाही तर भांडत बसू नका. केसपेपरची प्रत मागा. लेखी मागणी केल्यावर ७२ तासांत ती द्यावी लागते, तसा २००२ पासून डॉक्टरांसाठी नियम आहे. त्यात अ‍ॅट्रोपिनचा तक्ता असेल, वेळ आणि नोंदींसकट. तो घेऊन तुमच्या तालुक्यातल्या कुठल्याही फिजिशियनकडे चुलत्यांना स्वतःला बसवा. दादाला सोबत न्या. सही कुठल्या वाजता झाली आणि नळी कुठल्या वाजता घातली हे त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी वाचू दे.

आप्पांना या हंगामात फवारणीच्या जवळ जाऊ देऊ नका. मिश्रण कालवायलासुद्धा नाही. तांबड्या पेशींतलं बांधलं गेलेलं एन्झाइम नव्या पेशींबरोबरच भरून येतं, दिवसाला साधारण एक टक्का, म्हणजे तीन महिने धरा. तेवढ्यात थोडंसं औषध अंगावर उडालं तरी मागच्यापेक्षा लवकर बाधेल. कोलिनएस्टरेजची रक्ततपासणी सांगली-मिरजेत होते, फॉलोअपला डॉक्टरांना त्याबद्दल विचारा. दादा फवारणार असेल तर गळका पंप आजच भंगारात घालायला सांगा, आणि अंगावर औषध सांडलं की तिथंच काम थांबवून अंग धुवायचं, पाळी पुरी करायची नाही.

विषबाधेनंतर दोन-तीन आठवड्यांनी काहींच्या पायातल्या नसांना त्रास होतो. पोटऱ्यांत गोळे, तळव्यांना मुंग्या, चालताना पायातून चप्पल निसटणं असं काही दिसलं तर अशक्तपणा समजून घरी थांबू नका. त्याच आठवड्यात न्यूरॉलॉजिस्टला दाखवा, आणि डिस्चार्ज कार्ड आणि औषधाची बाटली बरोबर न्या.